मधला स्पीकर

आत्याबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ वर्ध्याहून आला, तो घरात सगळ्यांत आधी बाबांनी पाहिला, आणि एकट्यानं पाहिला. बाबा म्हणजे माझे सासरे. आत्याबाई त्यांची थोरली बहीण. कार्यक्रमाला आम्ही सगळेच जाणार होतो, पण निघायच्या आदल्या दिवशी अंगणात बाबांचा पाय मुरगळला आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरनं प्रवासाला साफ नाही म्हटलं. "तुम्ही दोघं तरी जाऊन या," असं बाबा दोन-तीनदा म्हणाले, पण त्यांना तसं सोडून आमचा पाय निघेना. मग आत्याबाईंच्या मुलानं सगळ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ एका पेनड्राइव्हमध्ये घालून रायपूरला येणाऱ्या एका ओळखीच्याजवळ पाठवून दिला.

रायपुरात गुढ़ियारीत आमचं घर आहे. बाबा रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा बांधलेलं. नवरा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, त्याची ड्यूटी पाळीची. माझं ऑफिस नवा रायपूरला, सकाळी ऑफिसच्या बसमध्ये चढले की संध्याकाळीच परत. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे दिवसभर बाबा घरात एकटे, आणि सोबतीला टीव्ही.

पेनड्राइव्ह आला त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आल्या-आल्या विचारलं, "बाबा, पाहिला का व्हिडिओ? कसा झाला?"

"चांगला झाला. लय लोकं आले होते."

"आत्याबाई काय बोलल्या?"

"बोलली. सगळ्यांचे आभार मानले तिनं," असं म्हणून बाबा काठी टेकत उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातलं होतं.

त्यानंतर बाबा बदलले. काही महिन्यांपूर्वीच त्यांना कानाची मशीन घेतली होती. ती त्यांनी डबीत घालून कपाटात ठेवली. जेवताना बोलणं कमी झालं. आत्याबाईंचा फोन आला की मला हातानं खूण करायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, "सांग तिले, झोपलो म्हणून." भर संध्याकाळी, सोफ्यावर ताठ बसून. आत्याबाईही मग फार आग्रह करायच्या नाहीत. "बरं, झोपू दे," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. मला दोघांचंही कळेना. एरवी एकदा फोन लागला की डाळीच्या भावापासून कोणाच्या कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं इथपर्यंत बोलणारी ही भावंडं.

नवरा म्हणाला, "वय झालं त्यायचं. जायला नाही मिळालं म्हणून मन खट्टू झालं असन. होईल ठीक."

व्हिडिओ आपण सगळे मिळून रविवारी पाहू असं मी म्हणत होते, पण त्या रविवारी नवऱ्याची ड्यूटी लागली, आणि बाबाही टाळत राहिले. "पाहू न, घाई काय हाय?"

मग एक दिवस ऑफिसला दुपारी सुट्टी झाली आणि मी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शहनाईचा एवढा मोठा आवाज येत होता की मला वाटलं शेजारी काही कार्य आहे. हॉलमध्ये पाहते तर बाबांनी खुर्ची थेट टीव्हीला चिकटवलेली. कानात मशीन, आणि तरीही एक हात कानामागे धरलेला. स्क्रीनवर आत्याबाई. हिरवं लुगडं, गळ्यात हार, समोर माईक. त्यांचे ओठ हलत होते. मागं शहनाई वाजत होती, ताटांचा खणखणाट येत होता, कोणाचं तरी लहान लेकरू लांब रडत होतं. आत्याबाईंचा मात्र एक शब्द येत नव्हता. आणि बाबा त्यांच्या ओठांकडे टक लावून, स्वतःचे ओठ हलवून पाहत होते, शब्द लागतो का म्हणून.

मी पुढं होऊन जोरात म्हटलं, "बाबा, आत्याबाईंचा आवाज काहून येऊन नाही राहिला?"

बाबांनी मान वळवली.

"तुले बी नाही येत?"

"नाही येत. नुसती शहनाई येते."

"खरं सांगून राहिली? मायं मन राखाले नाही न सांगत?"

"नाही हो बाबा. देवाशप्पथ, एक शब्द येत नाही."

बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं हसतायत. मग दिसलं की खांदे वेगळेच हलतायत. मी आतून पाणी आणलं. ते प्यायल्यावर म्हणाले, "मले वाटलं माये कान गेले. मशीनवाल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं न, कान अजून उतरले तर आधी शब्द जाते, आवाज मागून जाते. हे तसंच होतं. ताटं वाजलेली ऐकू येते अन् माणूस ऐकू नाही येत. म्हटलं, झालं आता."

"पण बातम्या तर ऐकता रोज!"

"बातम्यावाले वरडते बाप्पा. म्हटलं, वरडणाऱ्याचं तेवढं ऐकू येईन यापुढं, आपल्या माणसाचं नाही."

इतके दिवस हे मनात घेऊन हा माणूस घरात वावरत होता. बहिणीचा फोन घेत नव्हता, कारण ती विचारेल, माझं बोलणं ऐकलं का? आणि ऐकू आलं नाही असं सांगितलं तर तिकडे तिचा जीव खालीवर होईल.

मी पेनड्राइव्ह काढून माझ्या लॅपटॉपला लावला. तिथं आत्याबाईंचा आवाज आला. बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण आला. "जमलेल्या सगळ्या मंडळीले माया नमस्कार..." एवढं ऐकलं आणि बाबांनी माझा हात धरला.

"बंद कर. याच्यावर नीट नाही समजत. तुया नवऱ्याले येऊ दे. टीव्हीवर, मोठ्या आवाजात, सगळे मिळून पाहू."

कान गेले नाहीत म्हटल्यावर त्यांना आता घाई नव्हती. मशीनही त्यांनी काढली नाही. त्या संध्याकाळी जेवताना भाजीत मीठ कमी आहे हे सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

नवरा आल्यावर त्यानं सगळे उपाय करून पाहिले. रिमोटचे सेल बदलले. मागची वायर काढून पुन्हा खोचली, मग दुसरीच वायर लावली. आवाजाच्या सेटिंगमध्ये सिनेमा, खेळ, संगीत असं काय काय असतं ते सगळं फिरवून पाहिलं. सिनेमावर शहनाई आणखी मोठी झाली, आत्याबाई तशाच मुक्या. शेवटी त्यानं वर्ध्याला आत्याबाईंच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्या इथं तर मस्त येऊन राहिला आवाज. स्टुडिओवाल्याले मी मुद्दाम थिएटरसारखा आवाज बनवायले लावला. म्हटलं, मामाच्या घरी मोठा सेट हाय, त्याच्यावर जोरदार वाजला पाहिजे."

म्हणजे फाईल चांगली, लॅपटॉपवर आवाज येतो, टीव्हीवर बातम्यांचा येतो, आणि याच व्हिडिओतल्या माणसांचा तेवढा येत नाही. नवरा म्हणाला, "आता माह्या डोक्याबाहेर गेलं."

माझ्या ऑफिसमध्ये एक दीदी आहेत. आमच्या मोठ्या सभागृहाचा सगळा आवाज त्या सांभाळतात. माईक, स्पीकर, पडद्यावर दाखवायचे व्हिडिओ, सगळं त्यांच्याकडे. इथल्याच, छत्तीसगढ़ी. डबा आम्ही बरेचदा सोबत खातो. दुसऱ्या दिवशी डबा उघडता-उघडता मी त्यांना हे सगळं सांगितलं. बाबांचंही सांगितलं.

दीदींनी घास खाली ठेवला. "गाना आता है, बोली नहीं आती?"

"हव," मी म्हटलं. होकाराचं इथलं ते 'हव' इतक्या वर्षांत माझ्याही तोंडात बसलं आहे.

"घर में होम थिएटर लगा है क्या? वो छोटे-छोटे डिब्बे वाला?"

"हव, लगा है. पुराना है."

"बीच वाला डिब्बा कहाँ है? टीवी के ठीक नीचे जो रहता है."

मी डोळ्यांसमोर हॉल आणून पाहिला. दोन बाजूला दोन उभे, मागं दोन लहान, कोपऱ्यात जमिनीवर तो धमधम करणारा मोठा. टीव्हीखाली काहीच नव्हतं.

"बीच वाला तो नहीं है, दीदी."

"तो फिर बोलने वाला बेचारा कहाँ से बोलेगा?" दीदी हसल्या, आणि मग डब्याच्या झाकणावर बोटानं खुणा करून मला समजावून सांगितलं. थिएटरसारखा आवाज बनवतात तेव्हा संगीत बाजूच्या स्पीकरांना वाटून देतात, गर्दीचा आवाज मागच्यांना, आणि बोलणं बहुतेक सगळं मधल्याला. आमच्या सेटला अजून वाटतंय की मधला स्पीकर जागेवर आहे. तो इमानदारीनं सगळं बोलणं तिकडे पाठवतोय, आणि तिथं कोणी नाही. बातम्यांचा आवाज साधा, दोनच बाजूंचा, म्हणून तो नीट येतो. लॅपटॉपला दोनच स्पीकर, त्यामुळे तो सगळं एकत्र करून त्या दोघांतून देतो. उपाय दोन होते. मधला स्पीकर सापडला तर लावायचा. नाही सापडला तर सेटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मधला नाही' असं त्याला सांगायचं, म्हणजे बोलणं तो बाजूच्या दोघांना वाटून देईल.

"और सुनो," दीदी म्हणाल्या, "मिल जाए तो बीच वाले का आवाज बाकी सब से थोड़ा ऊपर रखना. बाबूजी को बोली साफ मिलेगी." नंतर हात धुताना पुन्हा म्हणाल्या, "इतने दिन बाबूजी अकेले सोचते रहे होंगे न?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. न पाहिलेल्या माणसासाठी.

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या लगेच लक्षात आलं. नवा टीव्ही आणला तेव्हा तो जुन्यापेक्षा बुटका होता आणि मधला स्पीकर नेमका टीव्हीवरच्या लाल दिव्यासमोर यायचा, मग रिमोट चालायचा नाही. म्हणून त्यानं तो काढून माळ्यावर टाकला होता. गाणी, मालिका, बातम्या, सगळं नीट चालू होतं, म्हणून त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

रविवारी सकाळी शिडी लावली. नवरा वर, मी खाली, आणि बाबा खुर्चीवर बसून सूचना देत. तांब्याचा बंब निघाला, मुलीची जुनी सायकलची बास्केट निघाली, आणि सगळ्यात मागं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, वीतभर उंचीचा लांबट स्पीकर. धुळीनं मला शिंका सुटल्या. वायर लावली तर आधी नुसतीच खरखर. वायर जिथं खोचतात त्या पितळी पट्टीवर हिरवा थर चढला होता. नवऱ्यानं ती पॉलिशपेपरनं घासून लख्ख केली. टीव्हीच्या पायांखाली लाकडी पट्ट्या देऊन तो उचलला, म्हणजे खाली स्पीकरला जागा झाली आणि लाल दिवाही मोकळा राहिला.

सेटच्या रिमोटवर एक बटण असतं, ते दाबलं की सगळे स्पीकर पाळीपाळीनं शूऽऽ करतात, कोण जागा आहे ते कळावं म्हणून. नवऱ्यानं ते दाबलं. डावीकडून शूऽऽ आलं. मग टीव्हीखालून, अगदी समोरून.

"आला!" बाबा ओरडले, आणि पाय दुखतो हे विसरून उभे राहिले.

मधल्याचा आवाज मी दीदींनी सांगितल्याप्रमाणे थोडा वर नेला. पण बाबा लगेच व्हिडिओ लावू देईनात. आधी जेवणं उरकायला लावली. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. बहिणीच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखे.

ओवाळणं झालं, नातवंडांची गाणी झाली, आणि आत्याबाई माईकसमोर आल्या. या वेळी त्यांचा आवाज खोलीच्या मधोमध आला, खणखणीत, शाळेत शिकवणाऱ्या बाईचा.

"जमलेल्या सगळ्या मंडळीले माया नमस्कार. आतापर्यंत सगळे बोलले, बाईनं दोन पिढ्या शिकवल्या. पण बाईले कोणी शिकवलं ते कोणाले माहीत नाही, ते मी आज सांगते. माये मालक गेले तेव्हा हा माया पोट्टा नुकता चालायले लागला होता. घरच्यांनी म्हटलं, आता बस चुलीपाशी. माया लहान भाऊ तेव्हा रायपूरले रेल्वेत नवीन लागला होता. एका खोलीचं क्वार्टर. लग्न नाही, काही नाही. तो आला अन् म्हणाला, बाई, पोट्टा मायाजवळ दे अन् तू मास्तरकीचं शिकून घे."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून शर्टाची गुंडी चाचपत होते.

"मी होस्टेलात राहिली, अन् यानं माया पोट्टा सांभाळला. ड्यूटी बदलून-बदलून. शेजारच्या बायका हसो याले. मी सुट्टीत जावो तर पोट्टा मायाकडे येवो नाही, मामाच्या खांद्यावरून उतरोच नाही. मी रडो. हा म्हणे, रडू नको, पास हो, मंग तुलेच ओळखन. मी पास झाली, नोकरी लागली, तेव्हा पोट्टा आणून माया पदरात टाकला अन् आल्या गाडीनं परत गेला. हे त्यानं कोणाले सांगितलं नाही. मले बी सांगू देल्लं नाही. आज तो इथं नाही म्हणून सांगून राहिली. समोर असता तर उठून गेला असता."

बाबा खरंच उठत होते. नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा बाबा. ऐका पूर्ण."

"भाऊ," आत्याबाई कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपल्यात थँक्यू म्हणत नाही. आज म्हणते. मायं जे काही झालं, ते तुयाच्यानं झालं."

टाळ्या मागच्या स्पीकरांतून आल्या, आमच्या पाठीमागून, जणू लोक हॉलमध्येच बसले आहेत. त्या टाळ्यांत आत्याबाईंचा मुलगा, पांढऱ्या केसांचा, स्टेजवर उभा राहून डोळे पुसताना दिसला.

नवऱ्याला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. आत्येभाऊ लहानपणी काही दिवस आपल्या घरी होता, एवढंच त्याच्या कानावर.

आणि मला माझी मुलगी आठवत होती. ती झाली तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष व्हायचं होतं. माझी रजा संपली, ऑफिस एवढं लांब, आणि मी नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "जा तू. मी हाय न." बस, एवढंच. आणि त्या दिवसापासून त्यांनी दूध कोमट करणं, तेल लावणं, धोतराच्या झोळीत झुलवून झोपवणं, सगळं असं हातात घेतलं की मी थक्क झाले होते. बाळाचं डोकं कसं धरायचं हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. त्यांच्या पिढीच्या पुरुषाला हे कसं येतं, असं तेव्हा मनात आलं होतं, पण विचारायचं राहून गेलं. माझी नोकरी, माझी बढती, माझ्या मुलीचं हसतं-खेळतं बालपण, हे सगळं ज्या हातांवर उभं राहिलं त्या हातांनी फार पूर्वी, विशीत असताना, एकदा हेच केलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मीही कधी म्हटलं नाही तुम्हाला."

"काय?"

"थँक्यू."

"आता मशीन काढून ठेवू काय मी?" बाबा म्हणाले. पण माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

मग त्यांनी स्वतः फोन मागून घेतला. आत्याबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"बोलाले सवड झाली काय तुले? मी रोज वाट पाहून राहिली. मले वाटलं रागावला. चारचौघात सांगितलं म्हणून."

"अवं बाई, मले ऐकूच आलं नव्हतं तुयं भाषण!"

"कान गेले काय तुये?"

"कान नाही गेले. स्पीकर माळ्यावर होता."

तिकडे आत्याबाईंना काहीच समजलं नाही. बाबांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि हसता-हसता तिकडे आणि इकडे दोघंही रडले. आत्याबाई इतके दिवस स्वतःला बोल लावत होत्या, सांगायला नको होतं म्हणून. आणि बाबा आपल्या कानांना. एक काढून ठेवलेला डबा, आणि दोन म्हाताऱ्या माणसांच्या मनात केवढं काय काय. दीदींनी विचारलं नसतं तर ते किती दिवस चाललं असतं, कोण जाणे. दीदींना मी दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या करून नेल्या. "अरे, इतनी-सी बात के लिए?" म्हणत त्यांनी डबा घेतला. इतनी-सी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बाबांचा पाय बरा झाल्यावर आम्ही वर्ध्याला गेलो. आत्याबाई त्यांना हाताला धरून आपल्या जुन्या शाळेत घेऊन गेल्या. एवढ्या वर्षांत बाबांनी ती शाळा आतून कधी पाहिलीच नव्हती. सुट्टीचा दिवस होता, चौकीदारानं बाईंना ओळखून वर्ग उघडून दिला. बाबा फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळा वर्ग हळूहळू फिरले, खिडक्यांना हात लावून पाहिले. मग पहिल्या बाकावर बसायला गेले, पण बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे काही केल्या आत जाईनात.

"नाही बसता येत तर उभा राहा," आत्याबाई टेबलाजवळून म्हणाल्या.

आणि बाबा हाताची घडी घालून, हसत, उभे राहिले.